१५ एचपीचा टाकीवरचा स्क्रू कॉम्प्रेसर : दालमिल आणि राइस मिलला कसा पडतो?

अकोला, वाशीम, यवतमाळ या पट्ट्यात दालमिलला सॉर्टेक्स (खराब दाणे वेगळे काढणारं यंत्र, म्हणजेच सॉर्टर) बसवायचा म्हटलं, किंवा भंडारा-गोंदियाकडे राइस मिलला, की हवेसाठी बहुतेक वेळा एकच पॅकेज पुढे केलं जातं. १५ एचपीचा (११ किलोवॅट) स्क्रू कॉम्प्रेसर, खाली २५० लिटरची टाकी, बाजूला रेफ्रिजरेशन ड्रायर (हवा थंड करून तिच्यातलं पाणी काढणारा) आणि दोन-तीन फिल्टर, सगळं एकाच चौकटीवर. जागा कमी लागते, पाया खोदावा लागत नाही, ट्रकमधून उतरवला की त्याच दिवशी चालू. या आकाराचं पॅकेज जवळपास सगळ्या कंपन्या याच मांडणीत देतात, त्यामुळे हे परीक्षण एका ब्रँडचं नसून या मांडणीचं आहे.

आमचं मत आधीच सांगतो. यंत्र चांगलं आहे. स्क्रू, मोटर, कंट्रोलर यांत नाव ठेवायला जागा नाही. पण खालची टाकी लहान आहे, आणि या एका कारणामुळे यंत्राची दाब सांभाळायची पद्धत बिघडते, वीज जास्त जाते आणि व्हॉल्व्ह लवकर झिजतात. वेगळी १००० लिटरची टाकी जोडणार असाल तरच हे पॅकेज घ्या.

आधी गिऱ्हाईक कोण ते पाहू, म्हणजे सॉर्टर. त्याच्या चुटवरून डाळ घसरत येते, कॅमेरा काळा दाणा, खडा किंवा साल असलेली डाळ टिपतो आणि इजेक्टर क्षणभर हवेचा फटका मारून तेवढाच दाणा बाजूला उडवतो. म्हणजे हवेची मागणी मालावर ठरते. स्वच्छ माल असेल तर इजेक्टर अधूनमधून टिकटिकतात. पाणी लागलेल्या तुरीचा लॉट आला की तडतड थांबतच नाही आणि हवेचा खप दुपटीच्या घरात जातो. एकाच दिवसात मागणी अशी वरखाली होते. त्यात दाब खाली आला तर फटका कमजोर पडतो, खराब दाणा चांगल्या मालात जातो आणि पडद्यावर सगळं ठीकच दिसतं. म्हणून कॉम्प्रेसर किती हवा देतो याच्याइतकंच तो कमी मागणीला काय करतो हे महत्त्वाचं.

हे पॅकेज लोड-अनलोड पद्धतीने चालतं. मोटरचा वेग कायम एकच. टाकीतला दाब वरच्या मर्यादेला पोचला, समजा ७ बारला (फिटर लोक ७ किलो म्हणतात, व्यवहारात दोन्ही सारखंच धरा), की कंट्रोलर एका छोट्या सोलेनॉइडची (विजेवर उघड-बंद होणाऱ्या व्हॉल्व्हची) वीज तोडतो. त्याबरोबर इनटेक व्हॉल्व्ह मिटतो आणि स्क्रूला नवी हवा मिळणं बंद होतं. त्याच वेळी ब्लोडाउन व्हॉल्व्ह उघडून सेपरेटर टाकीतली (यंत्राच्या आत हवेतून तेल वेगळं करणारी टाकी) हवा बाहेर सोडतो. शेजारी उभं राहिलं तर हे कानांनी कळतं: आधी ‘टक्’, मग लांब फुस्स, आणि फुस्स विरत जाईल तसा मोटरचा आवाज हलका होतो. सेपरेटरमधला दाब २-३ बारपर्यंत खाली येतो. तेल फिरतं राहायला तेवढा लागतोच. मुख्य टाकीतली हवा मागे येत नाही, कारण मधे मिनिमम प्रेशर व्हॉल्व्ह आहे. तो साधारण ४ ते साडेचार बारला उघडतो आणि उलट्या दिशेने बंद असतो. टाकीचा दाब खालच्या मर्यादेला, समजा ६ बारला, आला की सोलेनॉइडला पुन्हा वीज मिळते आणि इनटेक उघडतो. बराच वेळ मागणीच आली नाही तर ५ ते १० मिनिटांनी मोटर पूर्ण थांबते. या टायमरला हात लावून तो दोन मिनिटांवर आणू नका. स्टार-डेल्टावर (सुरू होताना ओढ कमी ठेवणारी जोडणी) चालणारी १५ एचपीची मोटर तासाला सहा-आठ वेळांपेक्षा जास्त सुरू झाली तर वाइंडिंग आणि कॉन्टॅक्टर दोन्ही गरम होतात.

खरी मेख त्या फुस्समधे आहे. सेपरेटरचा दाब पूर्ण उतरायला ३० ते ६० सेकंद लागतात. तो उतरल्यावर यंत्र पूर्ण भाराच्या साधारण ३० टक्के वीज घेतं. उतरत असताना मात्र बरीच जास्त. आता २५० लिटरच्या टाकीचा हिशेब करा. या यंत्राची हवा ७ बारला सुमारे ६० सीएफएम (मिनिटाला घनफूट), म्हणजे मिनिटाला १७०० लिटर. सॉर्टर निम्मी हवा घेतोय, ८५० लिटर. ६ ते ७ बार, म्हणजे १ बारच्या फरकात २५० लिटरच्या टाकीत मावते फक्त २५० लिटर मोकळी (बाहेरच्या साध्या दाबाची) हवा. ती भरायला १७-१८ सेकंद, रिकामी व्हायला तेवढेच. दाब पुरता उतरायच्या आतच यंत्र पुन्हा लोडवर जातं. असं तासाला शंभर वेळा. अनलोडमधली बचत हाती लागतच नाही, आणि इनटेक व्हॉल्व्ह, सोलेनॉइड, ब्लोडाउन यांची वर्षाची झीज चार महिन्यांत होते.

१००० लिटरची टाकी जोडली की तोच फेरा जवळपास तीन मिनिटांचा होतो, दीड मिनिट लोड आणि दीड मिनिट अनलोड. सेपरेटरला खाली यायला पुरेसा वेळ मिळतो. निम्म्या मागणीवर सरासरी २ किलोवॅटचा फरक पडतो असं धरा. दिवसाला १० तास, महिन्याला २५ दिवस म्हणजे ५०० युनिट. युनिटला ९ रुपये धरले तर महिन्याला साडेचार हजार रुपये. टाकी एकदाच घ्यायची आहे.

ही टाकी कुठे जोडायची यावर बरेच जण चुकतात. ड्रायर आणि फिल्टरच्या पुढे जोडली तर सॉर्टरला अचानक लागणारी हवा जवळ मिळते हे खरं, पण कंट्रोलर ज्या सेन्सरवर निर्णय घेतो तो मागे, ओल्या टाकीवर (ड्रायरच्या आधीच्या, खालच्या टाकीवर) असतो. मधल्या ड्रायर-फिल्टरमधे लोडच्या वेळी अर्धा बार पडतो, म्हणजे सेन्सरला ७ दिसतात तेव्हा पुढच्या टाकीत साडेसहाच असतात. एक बारची जी पट्टी ठेवली होती तिच्यातली निम्मी वाया. म्हणून मोठी टाकी ड्रायरच्या आधी, खालच्या २५० लिटरच्या टाकीलाच जोडा, सव्वा इंची पूर्ण भोकाच्या पाइपने, मधे फिल्टर किंवा रेग्युलेटर काहीही न ठेवता. एकाच पाइपने बाजूला टांगलेली टाकीसुद्धा हे काम करते. त्यासाठी टाकीला रिकामा सॉकेट आहे का हे खरेदीच्या वेळीच वाकून पाहा. काही पॅकेजमधे तो नसतो आणि दाबाच्या टाकीला गावात भोक पाडून वेल्डिंग करणं जिवावर बेतणारं आहे. ते अजिबात करू नका. सॉर्टरजवळ कोरड्या हवेची २००-३०० लिटरची छोटी टाकी वेगळी ठेवली तर उत्तमच. दोन्ही टाक्यांना आपापला सेफ्टी व्हॉल्व्ह आणि खाली ड्रेन हवा.

दाबाची सेटिंग फॅक्टरीतून बहुधा वरच्या टोकाला ठेवून येते. तशीच चालवू नका. सॉर्टरच्या पाटीवर जो इनलेट दाब दिला असेल त्यात ड्रायर, फिल्टर आणि पाइपचा मिळून पाऊण बार धरा. तो झाला लोडचा आकडा. त्याच्या वर एक बार म्हणजे अनलोडचा. बहुतेक मिलमधे ६ आणि ७ पुरतात. प्रत्येक जास्तीच्या बारला सुमारे ७ टक्के वीज जास्त लागते, शिवाय गळती असेल तीही वाढते. सॉर्टरच्या आत स्वतःचा रेग्युलेटर असतोच, तो इजेक्टरला २-३ बारच्या आसपास आणून देतो. बाहेर ८ ठेवून त्याला जास्त जोर येत नाही. फक्त एक लक्षात ठेवा: सेन्सर मागे असल्यामुळे फिल्टर चोंदला तर कंट्रोलरला पत्ता लागत नाही. पडद्यावर ६.८, सॉर्टरवर ५. म्हणून सॉर्टरच्या दारात वेगळा गेज लावा आणि सॉर्टर जोरात चालू असताना दोन आकड्यांतला फरक पाहा. पाऊण बारच्या पुढे गेला की फिल्टरचं एलिमेंट बदला.

आता बिघाड. या पद्धतीतले बहुतेक दोष आवाजावरून, गेजवरून आणि क्लॅम्प मीटरवरून ओळखता येतात, कंपनीचा माणूस येईपर्यंत थांबावं लागत नाही.

दाब ७ च्या पुढे चढत जातो आणि शेवटी सेफ्टी व्हॉल्व्ह उडतो : इनटेक पूर्ण मिटत नाही. त्याच्या पिस्टनचं सील कडक झालेलं असतं किंवा बैठकीवर तेलकट काजळी बसलेली असते. व्हॉल्व्ह काढून साफ करा, सील किट घाला. सेफ्टी व्हॉल्व्हचा स्क्रू आवळून आवाज बंद करणारे मिस्त्री आहेत; अशा माणसाला यंत्राजवळ येऊ देऊ नका.

यंत्र सुरू होतं पण दाबच चढत नाही : सोलेनॉइडची कॉइल जळलेली, किंवा इनटेकला हवा नेणारी बारीक नळी सुटलेली. कॉइलला वीज येते का पाहा, आणि जवळ पाना नेऊन कॉइल तो ओढते का ते तपासा. जळकी कॉइल ओढत नाही. कमी व्होल्टेजवर कॉइल फडफडत राहते आणि मग जळते, म्हणून नुसती बदलून काम संपत नाही, व्होल्टेज मोजा.

अनलोड होतो पण मोटरचे अँपिअर उतरत नाहीत : ब्लोडाउनचं भोक किंवा त्याचा सायलेन्सर चोंदलाय. सायलेन्सर खोलून केरोसीनने धुवा, वाळवून परत लावा. इथे एक सांगितलं पाहिजे. ११ किलोवॅटची मोटर पूर्ण भाराला ४१५ व्होल्टवर २० अँपिअरच्या आसपास घेते आणि नीट अनलोड झाल्यावर दहाच्या घरात. अँपिअर निम्मे झाले म्हणजे वीज निम्मी झाली असं नाही. भार उतरला की पॉवर फॅक्टरही पडतो, त्यामुळे खरी वीज तिसऱ्या हिश्श्याच्या जवळ असते. विजेचा हिशेब करायचा तर किलोवॅट मोजणारा मीटरच लावा.

मोटर थांबल्यावरही सायलेन्सरमधून फुस्स चालूच राहते आणि टाकीचा काटा हळूहळू खाली येतो : मिनिमम प्रेशर व्हॉल्व्हची नॉन-रिटर्न बैठक गळतेय. किट घाला. हे टाळलं तर पुढच्या वेळी मोटर दाबाविरुद्ध सुरू होऊ पाहते आणि ओव्हरलोड ट्रिप होतो.

तेल अचानक कमी व्हायला लागलं आणि सॉर्टरच्या फिल्टरच्या बाउलमधे पिवळट तेल दिसलं : सगळे आधी सेपरेटर बदलतात, तो महाग आहे. त्याआधी स्कॅव्हेंज लाइन पाहा. सेपरेटरच्या मधोमध खाली जाणारी ही बारीक नळी, तिच्यात सुमारे एक मिलिमीटर भोकाचा नोझल आणि काचेची छोटी खिडकी असते. यंत्र लोडवर असताना खिडकीतून तेलाचे थेंब हवेबरोबर धावताना दिसले पाहिजेत. खिडकी कोरडी किंवा तेलाने ठप्प भरलेली असेल तर नोझल बंद आहे. बारीक तारेने साफ करा, भोक मोठं करू नका. तरीही तेल जात असेल, किंवा सेपरेटरच्या दोन बाजूंतला फरक ०.८ ते १ बारवर गेला असेल, तर मात्र सेपरेटर बदलायलाच हवा. ४००० तास हे त्याचं सर्वसाधारण आयुष्य.

खेड्यातल्या विजेबद्दल वेगळं लिहायला हवं, कारण ब्रोशरमधे ते नसतं. डीपीवर काम झालं, ट्रान्सफॉर्मर बदलला, केबलचा तुकडा जोडला, की फेजचा क्रम उलटा होऊ शकतो. पिठाच्या गिरणीचा पट्टा उलटा फिरला तर थांबवून तारा बदलता येतात. स्क्रू उलटा फिरला तर काही सेकंदांत तेलाविना घासून निकामी होतो. त्यासाठी पॅनलमधे फेज रिले असतो आणि तो यंत्र सुरूच होऊ देत नाही. लाइन आली, दिवे लागले, पण कॉम्प्रेसर चालू होत नाही, म्हणून रिले बायपास करून देणारा वायरमन मिलचं लाखांचं नुकसान करून जातो. मेन बंद करून येणाऱ्या तीनपैकी कोणत्याही दोन तारांची अदलाबदल करायची, एवढंच काम आहे. कंट्रोलरमधला ‘लाइन आल्यावर आपोआप सुरू’ हा पर्याय बंद ठेवा. लोडवर असताना लाइन गेली तर सेपरेटरमधलं तेल फेसाळतं. ते बसायला आणि दाब उतरायला दोन-तीन मिनिटं द्या. आणि तिन्ही फेजमधे व्होल्टेज ३६० च्या खाली असेल तर चालवू नका. कमी व्होल्टेजला मोटर तेवढंच काम जास्त अँपिअर ओढून करते, आणि उन्हाळ्याच्या दुपारी ती आधीच तापलेली असते.

उष्णता हा या पॅकेजचा दुसरा कच्चा दुवा. मेमधे अकोला, वर्धा, चंद्रपूरला पारा ४५ च्या पुढे जातो आणि टिनाच्या शेडखाली त्याहून दोन-चार अंश जास्त असतात. साधं पॅकेज ४५ अंशांपर्यंतच्या हवेसाठी बांधलेलं असतं. स्क्रूमधून निघणाऱ्या तेल-हवेचं तापमान एरवी ८० ते ९५ राहतं. १०५ ते ११० ला कंट्रोलर यंत्र बंद करतो. म्हणजे मोकळीक फार नाही. त्यात मोटरने घेतलेली जवळपास सगळी वीज उष्णता होऊन बाहेर पडते, ११-१२ किलोवॅटचा हीटरच म्हणा. कूलरमधून निघणारी गरम हवा टिनाच्या डक्टने शेडच्या बाहेर काढा, आणि येणारी हवा उत्तरेकडून, सावलीतून घ्या. डक्टचं तोंड रेडिएटरपेक्षा लहान नको. वाळ्याच्या कूलरची हवा थेट इनटेकवर सोडण्याची पद्धत दिसते, ती बंद करा. त्या हवेत पाण्याचे तुषार असतात, फिल्टरचा कागद ओला होऊन बसतो आणि ड्रायरवरचा भार वाढतो.

दालमिलची धूळ जिनिंगच्या रुईपेक्षा वाईट. रुई जाळीवर गादीसारखी बसते पण ओढली की निघते. तुरीला तेल लावून सोललेलं असतं, तिची भुकटी तेलकट, ती रेडिएटरच्या पातळ पट्ट्यांत चिकटून घट्ट होते. आठवड्यातून एकदा यंत्र बंद करून, आतून बाहेर हवा मारून रेडिएटर साफ करा. बाहेरून आत मारली तर कचरा आणखी खोल बसतो. हंगामात रोज. एअर फिल्टर पुस्तकात २००० तासांनी बदलायला सांगितला असेल, इथे १००० ला बदला. यंत्र चाळणीच्या आणि पॉलिशच्या खोलीत ठेवूच नका, मधे भिंत पाहिजे. जास्त लांब पाइप परवडतो, धूळ परवडत नाही.

ड्रायरबद्दल विक्रेता सांगतो ते अर्धंच खरं. रेफ्रिजरेशन ड्रायर दाबाखालच्या हवेचा दवबिंदू ३ अंशांवर आणतो, म्हणजे लाइनमधे पाणी सुटत नाही. पण ६० सीएफएम ही त्याची क्षमता ३५-३८ अंशांची हवा आत येईल असं धरून लिहिलेली असते. आत येणारी हवा ५० अंशांवर आणि भोवतालही ४५ अंशांवर गेलं की कंपन्यांच्याच तक्त्यात ती साठ टक्क्यांच्या आसपास उतरते. पावणेदोनपट ड्रायर मागा. पावसाळ्यात उलट अडचण. ३० अंश आणि ८० टक्के आर्द्रतेला हे यंत्र पूर्ण चालीवर तासाला अडीच लिटर पाणी वाफेच्या रूपात आत ओढतं, त्यातलं पावणेदोन लिटर पहिल्या टाकीतच सुटतं. आठ तासांत १४ लिटर. ऑटो ड्रेन एक दिवस अडकला की ते पाणी ड्रायरमधे, मग इजेक्टरमधे. रोज सकाळी ड्रेनचं टेस्ट बटण दाबून पाणी उडतं का पाहा, आणि खालचा हाताने उघडायचा कॉक कधीच काढून टाकू नका.

याच मोसमात माल कमी असला की यंत्र बराच वेळ अनलोडवर राहतं, तेलाचं तापमान ७० च्या वर चढत नाही आणि हवेतलं पाणी तेलातच सुटतं. काचेत तेल दुधाळ दिसलं तर हेच कारण. दिवसातून निदान तासभर यंत्र पूर्ण लोडवर चालू द्या. स्वस्तात मिळतं म्हणून हायड्रॉलिक किंवा इंजिन ऑइल घालणं म्हणजे स्क्रूवर डांबरासारखा लेप चढवणं. कंपनीने सांगितलेलंच कॉम्प्रेसर ऑइल घाला.

गळती मोजल्याशिवाय ‘हवा पुरत नाही’ म्हणून मोठं यंत्र घेऊ नका. सॉर्टर आणि बाकी सगळं बंद, लाइन चालू, आणि घड्याळ हातात. लोडवर २० सेकंद आणि अनलोडवर ८० सेकंद असं होत असेल तर २० टक्के हवा नुसती गळतेय. दहाच्या आत ठेवा. ७ बारला ३ मिलिमीटरचं एक भोक सुमारे २३ सीएफएम सोडतं, या यंत्राच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त. साबणाचं पाणी घेऊन पहिल्यांदा पाइपचे जोड नाही, झाडझुडीसाठी ठेवलेल्या ब्लो-गनचे कपलर पाहा. गळती बहुतेक तिथेच सापडते.

यंत्र कागदावर लिहिलेली हवा खरंच देतं का, हे मोठी टाकी जोडल्यावर घरीच तपासता येतं. पुढचा व्हॉल्व्ह बंद, टाक्यांतला दाब साडेचारवर आणा, यंत्र लोडवर टाका, आणि काटा ५ वरून साडेसहावर जायला किती सेकंद लागतात ते पाहा. २५० आणि १००० मिळून १२५० लिटर, गुणिले दीड बार, म्हणजे १८७५ लिटर हवा. मिनिटाला १७०० लिटर असेल तर ६६ सेकंद. ७० पर्यंत ठीक. ८० लागले तर एअर फिल्टर, बेल्टचा ताण आणि इनटेक पूर्ण उघडतो का ते पाहा. नवीन यंत्राला ८० लागले तर सही करू नका.

व्हीएफडी (मोटरचा वेग बदलणारी ड्राइव्ह) लावलेलं मॉडेल घ्यावं का, हा प्रश्न हमखास येतो. ते मोटरचा वेगच कमी-जास्त करून दाब ०.१-०.२ बारच्या आत धरतं, आणि सॉर्टरसारख्या वरखाली मागणीला ती पद्धत खरोखर शोभते. मागणी ४० ते ८० टक्क्यांत खेळत असेल तर फायदा स्पष्ट आहे. पण ती सगळा वेळ पूर्ण असेल तर ड्राइव्हचा स्वतःचा खर्च अंगावर पडतो, आणि ३० टक्क्यांच्या खाली गेली तर तेही सुरू-बंदच करत बसतं. शिवाय ड्राइव्ह म्हणजे इलेक्ट्रॉनिक्स, तिला तेलकट भुकटी आणि पॅनलमधली ५० अंशांची हवा मानवत नाही. बंद, थंड खोली देता येत असेल तर घ्या. नसेल तर साधं लोड-अनलोड आणि मोठी टाकी हाच जोडा बरा. इनटेक थोडा थोडा मिटवून हवा कमी करणारी जुनी मॉड्युलेशन पद्धत मात्र टाळा. निम्म्या हवेलाही ती ८५ टक्क्यांच्या आसपास वीज खाते.

आणि सॉर्टर नसेल, फक्त ट्रॅक्टरच्या टायरला हवा, फवारा साफ करणं, बेअरिंग धुणं एवढंच असेल, तर हे पॅकेज घेणं म्हणजे पैशाचा चुराडा. तिथे ३ एचपीचा पिस्टन कॉम्प्रेसर प्रेशर स्विचवर सुखाने चालतो. ५.५ ला चालू, ७.५ ला बंद, थांबताना स्विचखालच्या बारीक तांब्याच्या नळीतून डोक्यातली हवा क्षणभर सुटते आणि मोटर पुढच्या वेळी मोकळी सुरू होते. ती फुस्स चालूच राहिली तर टाकीच्या तोंडाचा नॉन-रिटर्न साफ करा. मागणी कमी असताना याच्याइतकी वीज वाचवणारी दुसरी पद्धत नाही, कारण मोटर थांबलेलीच असते.

कोटेशन मागताना ‘डिस्प्लेसमेंट’ (कागदी हिशेबाची हवा) नको, ७ बारला मिळणारी फ्री एअर डिलिव्हरी, म्हणजे प्रत्यक्ष बाहेर पडणारी हवा, आयएसओ १२१७ या चाचणीच्या मानकाप्रमाणे लिहून मागा. कमाल भोवतालचं तापमान, अनलोडचे किलोवॅट, ड्रायरची ४५ अंशांची क्षमता आणि ओल्या टाकीवरचा रिकामा सॉकेट हेही त्याच कागदावर आलं पाहिजे. सर्व्हिसचा माणूस नागपूरहून येतो की अकोल्याहून, आणि हंगामात किती तासांत, हे विचारा. दोन एअर फिल्टर, एक ऑइल फिल्टर, सोलेनॉइडची कॉइल, इनटेक आणि मिनिमम प्रेशर व्हॉल्व्हची सील किट, बेल्टचं मॉडेल असेल तर बेल्टचा एक संच आणि एकदा भरण्याइतकं तेल, हे यंत्राबरोबरच घेऊन मिलच्या कपाटात ठेवा. नवी तूर यायला लागते तेव्हा या गोष्टी जवळच्या गावात मिळत नाहीत.